मोबेदांची फिर्याद

उत्सवांच्या निमित्ताने देवळांच्या सभामंडपांतून जी व्याख्याने होतात, त्यांत अलीकडे एक दृष्टान्त वारंवार कानी पडतो. इराण आपला प्राचीन धर्म का गमावून बसला? तर म्हणे, ऐन वेळी त्याचा राजा मारला गेला म्हणून! सन ९३५ मध्ये इस्फहानच्या स्नानगृहात मर्दावीजवर मारेकऱ्यांनी झडप घातली नसती, तर त्याने बगदाद घेतले असते, खलिफाची गादी उलथून टाकली असती, टेसिफोन येथील खुस्रूचा प्रासाद पुन्हा उभारला असता, आणि सबंध इराणात अग्निमंदिरे पूर्ववत् धगधगू लागली असती. यावरून निष्कर्ष असा काढावयाचा की, देव राखावयाचा तर तो तलवारीनेच राखला जातो. बाकीच्या खटपटी म्हणजे निव्वळ कारकुनी. टाळ्या पडतात, प्रसाद वाटला जातो, आणि मंडळी समाधानाने घरोघर परततात.

आमचा आक्षेप जर-तरच्या विचाराला नाही. इतिहासात ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न विचारूच नये असे मानणारा एक पंथ आहे. आम्ही त्या पंथाचे नव्हे. वकिलाला तर हा प्रश्न रोजचाच आहे. प्रतिवादीचे अमुक कृत्य घडले नसते तर वादीचे नुकसान टळले असते काय, याचा निर्णय केल्यावाचून भरपाईचा दावा पुढे सरकत नाही. मात्र त्या विचाराला एक शिस्त असते. जे कृत्य वगळून पाहावयाचे तेवढेच वगळावे आणि बाकीची परिस्थिती होती तशीच राहू द्यावी. मर्दावीजचे पक्षकार नेमके येथे चुकतात. ते मारेकऱ्यांना वगळतात, आणि त्यांच्याबरोबर जवळजवळ तीनशे वर्षांचा इतिहासही गुपचूप वगळून मोकळे होतात.

मर्दावीज हा गीलान प्रांतातला, कास्पियन समुद्राकाठच्या डोंगरी मुलखातला सरदार. काही वर्षांत त्याने रय, हमदान आणि इस्फहान जिंकले. सोन्याचे सिंहासन करविले, सासानी सम्राटांच्या धर्तीवर मुकुट घडविला, आणि ९३५ च्या हिवाळ्यात इस्फहानजवळ सादेहचा अग्न्युत्सव अशा थाटाने मांडला की तसा कोणी पाहिला नव्हता. डोंगरांवर लाकडांचे ढीग रचले होते. पक्ष्यांच्या पायांना तेलाने भरलेली टरफले बांधून ती पेटवून त्यांना आकाशात सोडण्याची योजना होती. त्या काळाचा इतिहासकार मिस्कवैह सांगतो की, एवढा खटाटोप करूनही त्या अफाट मैदानापुढे मर्दावीजला तो सारा देखावा क्षुद्र वाटला आणि तो रागाने तंबूत तोंड फिरवून पडून राहिला. वजिराने पुष्कळ मनधरणी केली तेव्हा कुठे तो बाहेर आला. थोड्याच दिवसांनी त्याच्या तुर्की गुलाम सैनिकांनी त्याला स्नानगृहात गाठून ठार केले. ज्या सैनिकांच्या बळावर राज्य चालवावयाचे, त्यांच्याच पाठीवर घोड्यांची खोगिरे घालून त्याने त्यांची विटंबना केली होती. मारेकऱ्यांतील बज्कम आणि तुझून हे दोघे पुढे बगदादेत सरसेनापतिपदाला पोचले, ही त्या कथेची पुरवणी.

आता क्षणभर मानू की मर्दावीज वाचला. मग काय झाले असते? याचे उत्तर देण्यास कल्पनेचीही गरज नाही, कारण तो प्रयोग प्रत्यक्षात होऊन गेला आहे. मर्दावीजच्या हाताखाली नोकरी केलेले बुवैही घराण्याचे तीन बंधू त्याच डोंगरी मुलखातले, त्याच जातीचे शिपाई. त्यांपैकी धाकट्या अहमदाने ९४५ मध्ये बगदाद घेतले. खलिफा त्याच्या मुठीत आला. मर्दावीजने जे स्वप्न पाहिले म्हणतात ते दहा वर्षांत साध्य झाले. बुवैहींनी काय केले? एक खलिफा आंधळा केला आणि दुसरा गादीवर बसविला. त्यांतील सर्वांत थोर राजा अदुद-उद्-दौला ९५५ मध्ये पर्सिपोलिसच्या भग्नावशेषांत गेला, काझरूनच्या मारस्फंद नावाच्या मोबेदाकडून तेथले प्राचीन लेख वाचवून घेतले आणि त्या दगडांवर आपलाही लेख कोरविला. मात्र तो अरबीत! पुढे त्याने ‘शाहानशाह’ ही सासानी पदवीही धारण केली. पदवी परतली, मुकुट परतला, वंशावळी परतली. धर्म परतला नाही. कारण ९४५ च्या सुमारास इराणातील नगरवासी समाजाचा मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान झालेला होता. राजाच्या डोक्यावरचा मुकुट बदलल्याने शेजारच्या कुटुंबाचा आजोबा बदलत नाही.

मर्दावीजच्या पक्षकारांना आमचा पहिला प्रश्न हाच आहे: बुवैहींच्या शंभर वर्षांच्या सत्तेने जे झाले नाही, ते मर्दावीजच्या दहा-वीस वर्षांनी कसे झाले असते?

पण एवढ्यावर हा खटला संपत नाही. इराणच्या पुनरुत्थानाची खरी वेळ ९३५ नव्हेच. ती फार आधी येऊन गेली होती. आमच्या मते तिचे पहिले पाऊल चुकले ते रणांगणावर नव्हे, दफ्तरखान्यात. सासानी साम्राज्य ६५१ मध्ये संपले, शेवटचा सम्राट यज्दगिर्द मर्वजवळ एका गिरणीवाल्याच्या घरी मारला गेला, तरी त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षे इराकातील महसुलाचे दफ्तर इराणी भाषेतच चालू होते. जिंकणाऱ्या अरबांना जमाखर्च येत नव्हता. तो इराणी चिटणिसांच्या हाती होता. सन ६९७ मध्ये हज्जाजच्या आज्ञेने ते दफ्तर अरबीत उतरविले गेले, आणि उतरविणारा सालिह हा सिजिस्तानच्या इराणी कुळातलाच होता. बलाधुरीने लिहून ठेवले आहे की, हे काम जमत नाही असे सांग म्हणून जुन्या प्रमुख चिटणिसाच्या मुलाने सालिहला एक लाख दिरहम देऊ केले होते. सालिह बधला नाही, तेव्हा त्या मुलाने त्याला शाप दिला की, तू आमच्या भाषेचे मूळ उपटलेस तसे देव तुझे मूळ उपटो. खुरासानचे दफ्तर ७४२ मध्ये त्याच वाटेने गेले. गोव्याच्या वाचकाला हे फोड करून सांगावयास नको. १६८४ च्या हुकमाने कोंकणीवर बंदी आली, आणि कचेरीची व न्यायासनाची भाषा पुढे १९६१ पर्यंत पोर्तुगीजच राहिली. कुळाची जमीन ज्या भाषेत लिहिली जाते ती भाषा कोणत्याही तलवारीहून खोल जाते.

दुसरे पाऊल चुकले ते निशापूरला, आणि आमच्या लेखाचा विषय तोच आहे.

सन ७४७-७४८ च्या सुमारास, उमय्यांची सत्ता ढासळत असताना आणि अबू मुस्लिम खुरासानात अब्बासींचे काळे निशाण फडकवीत असताना, निशापूर परिसरातील ख्वाफ येथे बिहाफरीद नावाचा एक पुरुष पुढे आला. तो चीन देशी जाऊन आला होता. तेथून त्याने एक हिरवे रेशमी वस्त्र आणले होते, ते इतके तलम की मुठीत मावे. त्या वस्त्राच्या जोरावर त्याने आपण स्वर्गातून परतल्याची बतावणी केली असे अल्-बिरूनी नमूद करतो. ती बतावणी आम्ही बाजूला ठेवू. धर्मसंस्थापकांच्या चमत्कारांची उलटतपासणी करण्याचा आमचा अधिकार नाही. त्याने सांगितले काय, ते पाहावे. झरथुष्ट्राला त्याने नाकारले नाही. सात वेळच्या प्रार्थना सांगितल्या, सूर्याकडे तोंड करून. मद्यपान वर्ज्य केले. माता, कन्या, भगिनी यांच्याशी विवाह करण्याची जी चाल जुन्या धर्मात होती, तिला मनाई केली. जेवताना पुटपुटण्याचा विधी सोडावयास लावला. आणि प्रत्येकाने आपल्या संपत्तीचा सातवा हिस्सा रस्ते व पूल यांच्या दुरुस्तीसाठी द्यावा असे फर्माविले. त्याचा ग्रंथ इराणी भाषेत होता. शेकडो वर्षे पुरोहितांच्या बंद पेटीत राहिलेला धर्म, लोकांच्या बोलीत, लोकांच्या रस्त्यावर आणण्याचा हा उद्योग होता.

अबू मुस्लिम निशापुरास आला तेव्हा या मनुष्याविरुद्ध फिर्याद घेऊन कोण गेले? मोबेद आणि हेरबद! झरथुष्ट्री धर्माचे पुजारी, अग्निमंदिरांचे रखवालदार. त्यांनी अबू मुस्लिमाला सांगितले की, या माणसाने तुमचाही धर्म बिघडविला आणि आमचाही. अबू मुस्लिमाने फौज पाठविली, बादघीसच्या डोंगरात बिहाफरीदला पकडले आणि त्याला मारून टाकले. फिर्यादींचे समाधान झाले.

‘फिर्याद’ हा शब्द आम्हांला त्याच इराणाकडून आला आहे. दस्तऐवज, बंदोबस्त, दरबार, जमीन, आणि खुद्द ‘पेशवा’, हे सारे फारसीचे देणे. दक्षिणेत जी इस्लामी सत्ता आली तिची राजभाषा अरबी नव्हती, फारसी होती. आणि शिवछत्रपतींना ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घ्यावा लागला तो याच शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. तेव्हा इराणचे पुनरुत्थान झालेच नाही असे म्हणणारा मनुष्य आपली बोलीच ऐकत नाही. इराण उठला, कवींच्या, अनुवादकांच्या आणि चिटणिसांच्या हातांनी उठला. सामानी राजांच्या आश्रयाने त्याची भाषा दरबारात परतली आणि फिरदौसीने १०१० मध्ये ‘शाहनामा’ पुरा केला. जे उठले नाही ते अग्निमंदिर. ही दोन उत्तरे निरनिराळी का, याचा शोध घेण्याऐवजी आमचे व्याख्याते स्नानगृहात शिरतात.

उत्तर निशापूरच्या त्या फिर्यादीत आहे असे आमचे म्हणणे आहे. त्यानंतरच्या प्रत्येक उठावाकडे पाहावे. सुंबादने ७५५ मध्ये रय घेतले. पराभवानंतर तो तबरिस्तानात आश्रयाला गेला आणि तेथल्या इराणी राजाच्या आप्तानेच त्याचा वध केला. बाबकने अझरबैजानच्या डोंगरात ८१६ पासून ८३७ पर्यंत, म्हणजे दोन तपांना थोडी कमी इतकी वर्षे खलिफाच्या फौजांना दाद दिली नाही. अखेर त्याचा किल्ला घेतला तो अफ्शीनने, आणि हा अफ्शीन उश्रूसनाच्या इराणी राजकुळातला. तबरिस्तानचा माजियार उठला. त्याचा घात त्याच्या सख्ख्या भावाने, कूहयारने केला. बाबक, माजियार आणि अफ्शीन यांची शवे अखेर सामर्रा येथे लोकांना दाखविण्यासाठी टांगली गेली.

अफ्शीनवर ८४० मध्ये सामर्रा येथे चाललेला अभियोग तबरीने सविस्तर नोंदविला आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याने तो अवश्य वाचावा. आरोप धर्मद्रोहाचा. आरोपाचे पहिले कलम असे की, उश्रूसनात एका देवळाची मशीद करणाऱ्या इमामाला आणि बांगी देणाऱ्याला अफ्शीनने प्रत्येकी हजार फटके मारले. त्याचे उत्तर पाहा: सुघ्दच्या राजांशी आमचा करार होता की प्रत्येक लोकसमूहाला त्याच्या धर्मावर राहू द्यावे, या दोघांनी देवळावर चाल करून मूर्ती बाहेर काढल्या आणि तेथे मशीद केली, म्हणून करारभंगाबद्दल मी त्यांना शिक्षा केली. इतका स्वच्छ बचाव आम्ही फार थोड्या खटल्यांत पाहिला आहे. घरात सुवर्णजडित पाखंडी ग्रंथ सापडला, हे दुसरे कलम. तो म्हणाला, तो वडिलांकडून आला. त्यातले शहाणपण घेतले, बाकीचे सोडले. तुमच्याही घरी ‘कलीला व दिमना’ आहेच! (हा ग्रंथ म्हणजे आमचे पंचतंत्र. आमचे कोल्हे सामर्राच्या न्यायासनापुढे असे साक्षीस उभे राहिले, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.) मग साक्षीदार आले. एक होता माजियार, म्हणजे सहआरोपी. त्याने सांगितले की अफ्शीनच्या भावाने माझ्या भावाला पत्र लिहिले होते. ऐकीव, तीही भावाची, तीही सहआरोपीच्या तोंडून! अफ्शीनने हेच उत्तर दिले की, याच्या भावाचे व माझ्या भावाचे बोलणे मला बांधील नाही. आणि दुसरा साक्षीदार कोण? एक मोबेद. त्याने शपथेवर सांगितले की अफ्शीन गळा आवळून मारलेल्या जनावराचे मांस खात असे आणि खासगीत अरबांच्या चालीरीतींची निंदा करीत असे. अफ्शीनने न्यायासनाला विचारले, हा मनुष्य तुमच्या मते विश्वासू आहे काय? ते म्हणाले, नाही. मग त्याची साक्ष कशी घेता? हाच मोबेद पुढे स्वतः मुसलमान झाला.

अफ्शीनला आम्ही साधू मानीत नाही. ज्याने बाबकाला बेड्या घालून आणले त्याच्यावर तोच पाश पडला. परंतु सर्व कागद एकत्र ठेवून पाहिले असता एक गोष्ट झाकत नाही: ७४८ मध्ये फिर्यादी मोबेद, ८४० मध्ये साक्षीदार मोबेद.

आता आमचे जर-तर आम्हीही मांडतो. ते मर्दावीजच्या जर-तराहून लहान आहे. राजा वाचवावयाचा नाही, लढाई फिरवावयाची नाही. मोबेद निशापुरास गेले नाहीत, एवढेच धरावयाचे. अबू मुस्लिम त्या वेळी उमय्यांशी लढण्यात गुंतलेला होता. खुरासानातल्या शेतकऱ्यांना दुखविण्यात त्याचा काही लाभ नव्हता. फिर्याद नसती तर त्याने त्या पंथाकडे काही वर्षे काणाडोळा केला असता, असे मानणे अवाजवी नाही. तेवढ्या वर्षांत खुरासानात इराणी भाषेतला एक ग्रंथ, गावोगावच्या पुलांना व रस्त्यांना पैसा पुरविणारा एक निधी आणि पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून प्रार्थना करणारा एक समाज उभा राहिला असता. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत उस्ताद-सीस आणि मुकन्ना यांच्यामागे जी हजारो माणसे धावली, ती रिकाम्या हातांनी धावली नसती. सारे इराण झरथुष्ट्री राहिले असते असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्यास पुरावा नाही. फार तर निशापूरपासून हेरातपर्यंतच्या पट्ट्यात त्या धर्माचा एक जिवंत, बोलता समाज राहिला असता, आणि फिरदौसीच्या कालखंडात त्याच्याजवळ काव्याच्या जोडीला उपासनाही असती. प्रत्यक्षात मोबेदांनी काय केले? नवव्या शतकात त्यांनी ‘देन्कर्द’ रचला. तो फार मोठा विद्याव्यासंग होता, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण तो ज्या पहलवी लिपीत होता ती त्या वेळी पुरोहितांखेरीज कोणाला वाचता येत होती?

उलट जे तगले ते कसे तगले, हेही पाहावे. इराणातून निघालेले झरथुष्ट्री गुजरातच्या किनाऱ्यावर संजाण येथे उतरले. कोणी ते वर्ष ७१६ धरतात, कोणी ९३६. दुसरे खरे असेल तर मर्दावीजच्या मृत्यूनंतर अवघ्या एका वर्षाची ही गोष्ट होय. त्यांच्याजवळ राजा नव्हता. ‘किस्सा-इ-संजाण’ सांगतो की, शस्त्रे खाली ठेवण्याची आणि देशाची भाषा स्वीकारण्याची अट त्यांनी मान्य केली. त्यांच्यातील नेर्योसंग धवल या पुरोहिताने अवेस्तेतील भाग संस्कृतात उतरविले. म्हणजे खुरासानच्या मोबेदांनी जे होऊ दिले नाही, ते गुजरातच्या मोबेदाने आपण होऊन केले. संजाण पडल्यावर त्यांनी अग्नी बहरोटच्या गुहांत, बांसद्यास, नवसारीस नेला आणि १७४२ पासून तो उदवाड्यास आहे. नवसारी गायकवाडांच्या राज्यात होती. बडोद्याच्या मराठी कुटुंबांना त्या लोकांचा शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा.

आणि गोव्याच्या वाचकांनी स्वतःच्या देवाकडे पाहावे. सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास गेली. कोणाच्या तलवारीच्या आश्रयाला? अंत्रूज महाल त्या वेळी विजापूरच्या आदिलशहाच्या अंमलाखाली होता! शिवछत्रपतींनी फोंडा घेतला तो १६७५ मध्ये. तोवर शंभरांहून अधिक वर्षे ती दैवते तेथे नांदत होती. त्यांना नदीपार नेले ते महाजनांनी, सेवेकऱ्यांनी, होडी चालविणाऱ्यांनी. त्या रात्री होडीत कोणाचा हात लागला आणि कोणाचा विटाळ झाला, याचा हिशेब कोणी मांडला असेल असे आम्हांला वाटत नाही.

तो हिशेब पुढे मांडला गेला, आणि आजही मांडला जातो. देवस्थानांचे दावे चालविण्यात आमच्या व्यवसायाची बरीच वर्षे गेली. कोणत्या कुळाला महाजनकी, कोणाला मान, कोणी गर्भागाराच्या उंबऱ्यापर्यंत यावे, पालखीला पहिला खांदा कोणाचा, नव्या स्तोत्राला व नव्या पुजाऱ्याला मज्जाव कसा करता येईल, हे प्रश्न घेऊन एकाच देवाचे भक्त सरकारच्या दारी येतात. गोव्यातला १९३३ चा देवस्थानांचा कायदा पोर्तुगीजांनी केलेला. तोच हाती घेऊन आम्ही एकमेकांविरुद्ध उभे राहतो आणि परक्या राजवटीच्या कलमांत आपल्या धर्माचा अर्थ शोधतो. कोणी गावकीबाहेरचा मनुष्य भजनाला बसला, कोणी प्राकृतात पूजा सांगितली, की त्याच्याविरुद्ध अर्ज तयार. असे अर्ज लिहून देण्याचे काम आमच्याकडे आले आहे, आणि काही वेळा आम्ही ते परत पाठविले आहे. मर्दावीजच्या तलवारीसाठी टाळ्या वाजविणारे हात आणि त्या अर्जांवर सही करणारे हात पुष्कळदा एकच असतात.

म्हणून मर्दावीजच्या पक्षकारांना आमची मागणी आहे. पुढच्या उत्सवात त्यांनी इस्फहानची कथा जरूर सांगावी. पण तिच्याआधी निशापूरची सांगावी. अबू मुस्लिमाच्या तंबूकडे निघालेल्या त्या मोबेदांची नावे इतिहासाने ठेवलेली नाहीत. त्यांचे वय, त्यांचे वस्त्र, त्यांच्या मनातली भीती यांविषयी वक्त्यांनी हवी तितकी कल्पना लढवावी. त्यांनी फिर्यादीत काय मागितले, तेवढे मात्र जसेच्या तसे सांगावे, आणि मग समोर बसलेल्या महाजनांना विचारावे की त्या मोबेदांच्या जागी ते असते तर निशापुरास गेले असते की नाही.